तळाच्या पायरीवरचा नंबर

४ जून

चि. कंपनीच्या मालकास,

आशीर्वाद फक्त तुला. कंपनी कायद्यानं वेगळी व्यक्ती असते. तिला द्यायचे की नाही, ते ती कशी वागते ते बघून ठरवीन.

उद्घाटनाचं कार्ड मिळालं. कागद चांगला जाड आहे, कपाटाच्या पायाखाली घालायला होईल. मी येणार नाही. गुडघे नाहीत आणि हौसही नाही. फोन केला असता, पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि मागं करवत चालू करतोस. म्हणून लिहिते आहे.

कार्डावर सोनेरी अक्षरात कंपनीचं नाव, आणि खाली, अरे देवा, तुझा स्वतःचा टॅक्स नंबर! एकतीस वर्षं मी टॅक्स ऑफिसात नंबर द्यायच्या खिडकीत बसले. एकेक नग पाहिले. एकजण वारलेल्या सासऱ्याचा नंबर आपल्या नावावर करून मागत होता. एक बाई विचारत होती, जुळ्यांना मिळून एकच घेतला तर चालेल का. त्या रांगेत आपला सख्खा भाऊ उभा राहील, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आता नीट वाच. दोनदा वाच, आणि तरी नाही कळलं तर बायकोकडून समजून घे, तिला डोकं आहे. कालपर्यंत शिड्यांचं दुकान म्हणजे तू आणि तू म्हणजे दुकान. दोघांचा नंबर एकच, कारण तुम्ही एकच होता. आता तू कंपनी काढलीस. ती म्हणजे तू नाहीस. ती वेगळी जन्माला आली, तिला तिचा वेगळा नंबर. तुझा नंबर मरेपर्यंत तुझ्याजवळ राहील, पण तो काही सदरा नव्हे, तिच्या अंगात घालायला. तेव्हा लेटरहेड, पावत्या, बँक, पाटी, सगळीकडं नवा नंबर टाक. आणि शिडीच्या तळाच्या पायरीवर नंबर ठोकायचं ते आबांचं खूळ तू अजून चालवतोस ना? तिथंही.

मला आबांनी कधी शिडीवर चढू दिलं नाही. 'पोरींचं काम नाही' म्हणाले. म्हणून मी जाऊन खुर्चीत बसले. बरंच झालं म्हणायचं.

तुझी ताई

ता. क. कार्डावर तुझा फोटो कशाला? शिडीचा टाकायचास. ती निदान सरळ उभी राहते.


१५ जून

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. कंपनीचाही सांगणार होतो, पण तिला वाकता येत नाही.

तुझं पत्र कसलं, आख्खी खिडकीच घरी आली. आता 'पुढचा!' म्हणून ओरडशील, असं वाचताना सारखं वाटत होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी तुझी खिडकी काही बंद होत नाही.

कंपनी ही तुझ्या भाच्याची हौस. मोठी गिऱ्हाइकं म्हणे एकट्या म्हाताऱ्याकडून माल घेत नाहीत. त्यांना कंपनी लागते. काढली. कागदावर तो मोठा भागधारक आणि मी किरकोळ. कंपनीचा नंबर आलाय, तो त्याच्या निळ्या फाइलीत राहतो. मी अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही.

माझा मात्र मला पाठ आहे. का असणार नाही? तूच दिलास! आबा गेले त्या वर्षी मी तुझ्या खिडकीपुढं दीड तास उभा होतो. माझी पाळी आली, तर तू वरसुद्धा न बघता म्हणालीस, 'नाव?' मी सांगितलं. 'वडिलांचं नाव?' तेही सांगितलं. मागच्या दोन बायका खुदखुदत होत्या. सख्ख्या बहिणीनं बापाचं नाव विचारलेला या जगात मी एकटाच असेन.

आणि ज्याला तू खूळ म्हणतेस ना, त्यावर तू लहानाची मोठी झालीस. शिडी पुरी झाली की बनवणाऱ्यानं स्वतः वर चढायचं. वरून दुसऱ्या पायरीवर उभं राहायचं, आबा वीस मोजेपर्यंत. मग खाली उतरून तळाच्या पायरीवर हातोडीनं आपला नंबर मारायचा. आबांच्या वेळी आबांचा होता, त्यांच्यानंतर माझा. पोलादी ठसे आबांचेच. आधी आपण उभं राहायचं, मग दुसऱ्याला उभं करायचं. यात तुझ्या खात्याचं काय जातं?

साठीला आलो मी. आता नवे दहा आकडे कुठं पाठ करत बसू?

तुझा,
वडिलांचं नाव तुला ठाऊकच आहे


२८ जून

शिडीवाल्या,

विनोद पुरे. एक प्रश्न विचारते, उत्तर मीच देते, म्हणजे तुला त्रास नको.

तुझ्या शिडीवरून उद्या माणूस पडला तर? दुकान होतं तोवर तो थेट तुझ्या घरावर येऊन पडला असता. त्याला भरून द्यायला राहतं घर विकायची वेळ. कंपनी काढली की ते कंपनी बघते, तुझ्या घराला हात लागत नाही. तेवढ्यासाठी तर लोक कंपन्या काढतात. आणि तू? कंपनी काढलीस, फी भरलीस, सोनेरी कार्डं छापलीस, आणि मग हातोडी घेऊन प्रत्येक शिडीवर लिहून ठेवतोस की हिचं काही झालं तर मला धरा! असा मूर्ख मला खिडकीतसुद्धा भेटला नव्हता.

त्या घरातला माझा हिस्सा मी तुला लिहून दिला तो ठोकून उडवायला नव्हे. वरच्या मजल्यावरची माझी खोली अजून रिकामी ठेवली आहेस ना? की तिथं कंपनीची मिटिंग भरते? दोन वर्षांनी मी कायमची येणार आहे. तेव्हा दाराला सरकारी सील दिसलं, तर मी तिथंच उभी राहून तुला शिव्या घालीन, आणि तुला माहीत आहे, मला लवकर दम लागत नाही.

ते ठसे पेटीत घाल आणि कुलूप लाव.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताई,

घातले पेटीत. लावलं कुलूप. झालं समाधान?

तशीही आता ठोकण्यासारखी शिडी राहिलेली नाही. चिरंजीवांनी लाकूड बंद केलंय. तयार अॅल्युमिनियमच्या नळ्या येतात, दोन पोरं मशीननं रिवेट मारतात, तासाला चार शिड्या. आमची एक व्हायला दोन दिवस लागायचे. नंबराचं म्हणशील तर आता स्टिकर आहे. स्टिकर! चकचकीत, त्यावर कंपनीचं चित्र आणि तो नवा नंबर. ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं की निघून येतो. मी त्याला दाखवलं, तर म्हणतो, 'बाबा, पुसायचं कशाला?' हा आमचा संचालक.

मला खुर्ची दिलीय, दाराजवळ. आल्यागेल्याला नमस्कार करायला. माझेही गुडघे तुझ्याच घराण्यातले आहेत, चढणं पूर्वीसारखं होत नाही. पण म्हणून खुर्ची?

तुझी खोली झाडून ठेवली आहे. मिटिंग भरत नाही. मिटिंगा सगळ्या फोनवर होतात, आणि त्यात सगळे नुसते 'हो हो' म्हणतात. मी एकटाच नव्हे.

तुझा
खुर्चीतला भाऊ


१४ ऑगस्ट

चि. भावास,

शेवटी एकदाचा उजेड पडला! साठ वर्षं लागली, पण पडला. ठसे पेटीत गेले, हे वाचून मी स्वतःसाठी चहा केला आणि दोन चमचे साखर घातली.

आता तुझा नंबर फक्त तुझ्यापुरता. तुझी स्वतःची मिळकत, तुझे स्वतःचे कागद. कंपनीच्या वाटेला तो जाऊ द्यायचा नाही, की कंपनीचा तुझ्या.

तुझ्यापेक्षा तुझा मुलगा शहाणा निघाला. त्यानं मला पत्र लिहिलंय, माहीत आहे? सुरेख टाइप केलेलं. 'आदरणीय आत्या, तुमच्या अनुभवाचा लाभ व्हावा.' त्यानं विचारलंय की दुकानाची जबाबदारी कुठं संपते आणि कंपनीची कुठं सुरू होते. बघ! या घरात मला असं कुणीतरी एकदा तरी विचारलं होतं का? तुम्हा सगळ्यांना मी म्हणजे खिडकीतली कटकटी बाई. मी त्याला सविस्तर उत्तर दिलं, सही केली, खाली माझं जुनं पद आणि नोकरीची वर्षंही लिहिली. साधा नियम सांगितला. ज्या वस्तूवर, ज्या कागदावर जुना नंबर, ते मालकाचं, जिथं नवा तिथं कंपनीचं. आम्ही खिडकीत हेच सांगायचो. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

तुला कळायला वेळ लागला, ती गोष्ट वेगळी.

ताई


९ नोव्हेंबर

ताई,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. आज देतो.

ऑक्टोबरात एका शाळेची बाहेरची भिंत रंगवताना रंगारी शिडीवरून पडला. आमच्या शिडीवरून. वरची रिवेट निसटली, पायरी फिरली. कंबरेचं हाड मोडलंय. चाळिशीचा माणूस आहे, घरात कमावता तो एकटाच. सरकारी चौकशी लागली आहे.

शिडी त्यानं हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती, बिल ठेवलं नव्हतं. स्टिकर कधीच निघून गेलेला. पण तळाच्या पायरीवर माझा नंबर आहे.

होय. पेटीला कुलूप लावलं असं तुला लिहिलं ते खोटं. दुपारी पोरं जेवायला गेली की मी मागच्या बाजूला जाऊन ठसे मारत होतो. माझ्या दुकानातून माणूस उभा राहायची वस्तू बाहेर पडते आणि तिच्यावर कुणाचंच नाव नाही, हे मला बघवेना. मूर्ख म्हण.

तुझा भाचा म्हणतो, जुना नंबर आहे म्हणजे ती कंपनीची शिडीच नव्हे, बाबांच्या दुकानाचा जुना माल आहे, त्यांनी निस्तरावं. स्वतःच्या तोंडानं म्हणाला नाही. वकिलाकडून म्हणवलं. आणि वकिलानं पुरावा म्हणून काय काढलं असेल? तुझं पत्र. जुनं पद, एकतीस वर्षं, सही. 'ज्या वस्तूवर जुना नंबर, ते मालकाचं.' मी समोर बसून ऐकलं. सुरेख लिहिलंयस.

सगळ्यात वाईट अजून सांगितलंच नाही. ताई, मी नंबर मारले, पण त्या शिड्यांवर चढलो नव्हतो. गुडघे दुखायचे, पोरं परत यायची घाई असायची. एका दुपारी चाळीस शिड्या. नुसता ठोकत गेलो. त्यातलीच ही एक. चढलो असतो तर ती रिवेट माझ्या पायाखाली बोलली असती. म्हणजे मीही शेवटी स्टिकरच चिकटवत होतो, फक्त हातोडीनं.

घर जाईल बहुतेक. कायदा शिकवणारं पत्र मात्र पाठवू नकोस. आता सोसणार नाही.


१३ नोव्हेंबर

अरे गाढवा,

कायदा शिकवणारंच पत्र पाठवते आहे, आणि तू ते शेवटपर्यंत वाचणार आहेस.

आधी तुझ्या चिरंजीवाबद्दल. 'आदरणीय आत्या' म्हणाला आणि मी पाघळले. एकतीस वर्षं खिडकीपलीकडची गोड बोलणारी माणसं मी दोन मिनिटांत ओळखायची, आणि घरातल्याला ओळखलं नाही. बापाला फाशी द्यायला दोर लागत होता, तो मी टपालानं पाठवला, वर सहीसकट! मला माझीच किळस आली आहे. तुला मी जन्मभर मूर्ख म्हणत आले. आता सांगते, पहिला नंबर माझा.

तो नियम खिडकीतला आहे. कागदांना लागू पडतो. शिडी कुणी बनवली आणि कधी बनवली, ते नंबरावरून ठरत नाही. तुझ्या दुकानात अॅल्युमिनियम कधीच नव्हतं. नळ्या, मशीन, रिवेट, सगळं कंपनी झाल्यावर आलं. नळ्या विकणाऱ्याच्या पावत्यांवर कंपनीचाच नंबर असणार. ही शिडी कंपनीची आहे, कुणाच्याही बापाची नाही.

मी चौकशी अधिकाऱ्यांना तसं लिहून पाठवलं आहे, आणि माझं ते पत्र चूक होतं हेही लिहिलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी 'माझी चूक' असं कागदावर लिहिलं. तीन कागद फाडावे लागले.

सोबत तुझा जबाब टाइप करून पाठवते. काही करू नकोस, फक्त सही कर. त्यात लिहिलंय की शिडी कंपनी झाल्यानंतरची आहे, नंबर तू केवळ जुन्या सवयीनं मारलास, आणि त्या नंबराला काहीही अर्थ नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते राहिलं की घर राहिलं. न चढल्याचं कुठंही बोलायचं नाही, तुला कुणी विचारलेलं नाही.

रांगेत उभा राहा, सही कर, बाजूला हो. एकदा तरी माझं ऐक रे.

ताई


६ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार.

चौकशी झाली. तुझ्या कागदावर सही केली. शेवटचं वाक्य खोडलं आणि मग केली. रागावू नकोस, किंवा रागाव, पण आधी ऐक.

मी आदल्या दिवशी रंगाऱ्याला बघून आलो होतो. उशीला टेकून बसला होता. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, 'काका, दुकानात पाच शिड्या होत्या. या एकीवर नंबर ठोकलेला होता, म्हणून ही घेतली. म्हटलं, कुणीतरी बघितलेली दिसते.' आता सांग, त्या नंबराला काहीही अर्थ नाही, असं मी कुठल्या तोंडानं लिहून देऊ?

चौकशी करणाऱ्या बाई तुझ्यासारख्याच आहेत, वर न बघता विचारतात. 'टॅक्स नंबर?' मी दहाच्या दहा आकडे सांगितले. शिडी कंपनीची, पण ठसा मारून पास केलेली मी, आणि तीही न चढता, हेही सांगितलं. मग त्यांनी तुझ्या भाच्याला विचारलं, 'कंपनीचा नंबर?' त्यानं निळी फाइल उघडली. पानं उलटली. वकिलाकडं बघितलं. वकिलानं फोन काढला. बाई पेन धरून बसल्या होत्या. इतका वेळ गेला, ताई, की मलाच लाज वाटली. ज्या नंबरासाठी यानं बापाला ओळख दिली नाही, तो याला ठाऊक नाही.

निकाल दोघांच्या अंगावर आला. मोठा भाग कंपनीचा, तू चौकशीला पाठवलेलं पत्र आणि नळ्यांच्या त्या पावत्या उपयोगी पडल्या. थोडा माझा. चिरंजीव वेगळे राहायला गेले, मशीन घेऊन गेले. बोलत नाहीत. त्याची आई रडते, मी तिच्यासमोर रडत नाही. कंपनी त्याला लखलाभ. मी बाहेर पडलो.

घराचा वरचा मजला विकतोय. तुझी खोली त्यात गेली. ती तुला विचारल्याशिवाय गेली, याचं मला फार वाईट वाटतं. खाली दुकानाची मागची जागा आहे, खिडकी आहे, जिना चढायला नको. येशील का?

रंगारी काठी घेऊन चालू लागला. आता उंच काम नको म्हणतो, सहा पायऱ्यांची छोटी शिडी मागतोय. लाकडाची बनवली. गुडघ्यांना पट्टे बांधून चढलो. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून बायको मोजत होती. अठरावर तिला शिंक आली, मग तिनं पहिल्यापासून मोजलं. खाली आलो आणि नंबर मारला. कुठला, ते विचारू नकोस.

तुझा भाऊ


११ डिसेंबर

चि. भावास,

विचारत नाही.

वाक्य खोडलंस ते वाचलं. तू मूर्ख आहेस हे माझं मत कायम आहे. फक्त आजवर मी ते खिडकीच्या या बाजूनं म्हणत होते. पलीकडून आपण कसे दिसतो, ते बघायचं सुचलंच नाही. तू नंबर घ्यायला आलास त्या दिवशी माझ्या साहेबांनी मागं उभं राहून मला सांगितलं होतं, नातेवाइकाला ओळख दाखवायची नाही. नाव विचारताना मी वर बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर आबांची आठवण येऊन मला रडू फुटलं असतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं, त्यावर विनोद करू नकोस.

खोली गेली तर गेली. मागच्या जागेत माझी खाट मावते का ते माप घेऊन कळव. मी गुरुवारी येते.

रंगाऱ्याची शिडी मी येईपर्यंत देऊ नकोस. आबांनी मला चढू दिलं नाही, आता अडवायला कोणी नाही. चष्मा आणते आहे. आधी तळाच्या पायरीवरचा नंबर वाचीन, मग चढेन. तू खाली उभा राहा आणि वीसपर्यंत मोज.

तुझी ताई